पंधरावा टॅब

परवा ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये अकाऊण्ट्समधली एक मुलगी ट्रे घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसली. डिसेंबरात लग्न, मेमध्ये हनिमून. ‘मॅडम, तुमची ती सॅण्टोरिनीची एक्सेल शीट फॉरवर्ड करा ना प्लीज. सगळं रेडीमेड मिळेल!’ या वर्षातली ही चौथी मागणी. शीटची कीर्ती अशी काही पसरलीय, की पुढच्या अप्रेझलला कामाऐवजी तीच दाखवावी म्हणते!

शीट आहे, झकास आहे. चौदा टॅब आहेत. विमान, बोट, हॉटेल, व्हिसा, इन्शुरन्स, कपडे, जेवण, फोटो... हो, फोटोंचा वेगळा टॅब आहे. कुठल्या जिन्यावर, कुठल्या ड्रेसमध्ये, किती वाजता, सगळं. पण फॉरवर्ड करण्याआधी तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते. कारण त्या चौदा टॅबमध्ये एक गोष्ट राहून गेली होती. ती लक्षात यायला भर समुद्रात वारा सुटावा लागला.

फ्रीजवरचा संसार

आधी आमच्या घरचा सीन. मी सकाळी आठला ठाण्याहून निघते, अंधेरीहून परत यायला साडेसात होतात. नवरोबा ऐरोलीला, अमेरिकेच्या घड्याळावर. दुपारी साडेचारला कंपनीची कॅब त्याला घेऊन जायची आणि पहाटे साडेतीनला आणून सोडायची. म्हणजे तो यायचा तेव्हा मी गाढ झोपेत आणि मी निघायचे तेव्हा तो. आमचा संसार फ्रीजच्या दारावर चालायचा. ‘दूध संपलंय’, ‘गॅसवाला येणारे’, ‘भाजी गरम करून घे’. दोन वर्षं असंच. वीकएण्डला झोप, इस्त्रीचे कपडे, किराणा आणि कुणाचं तरी बारसं.

एके दिवशी गंमत म्हणून मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘कुठेतरी जाऊ या?’ दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं, ‘समुद्र. पण मालवण नको, सिनेमातला.’

सिनेमातला समुद्र! आमच्या पिढीने ग्रीस पाहिला तोच मुळी शाहरुख-राणीच्या ‘चलते चलते’मध्ये, २००३ साली. झालं, ठरलं. दोघांची मिळून दोन वर्षांची बचत बाजूला होती. ‘बेडरूमचं फर्निचर’ या नावाने ठेवलेली. म्हटलं, बेडरूममध्ये तसंही एका वेळी एकच माणूस असतं, फर्निचर थांबेल.

बेट निवडताना

भूमध्य समुद्रात बेटांना तोटा नाही. माल्टा आहे, तिथे इंग्रजीवर आरामात भागतं. सिसिली आहे, पण ती एवढी अवाढव्य की आठवड्यात निम्मीही होत नाही. क्रीट आहे, मायोर्का आहे. मी सगळ्यांचे फोटो पाहिले आणि तीन मिनिटांत सॅण्टोरिनीवर बोट ठेवलं. पांढरी घरं, निळे घुमट, खाली निळाशार समुद्र. बास! आता कबूल करते, मी बेट निवडलंच नव्हतं, फोटो निवडला होता.

अभ्यास नंतर केला. सॅण्टोरिनी म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाचा उरलेला काठ. इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास इथे महाभयंकर स्फोट झाला, मधला भाग समुद्रात बसला आणि उरली ती चंद्रकोरीसारखी जमीन. सुमारे ३०० मीटर उंच कडे, आणि त्या कड्यांच्या माथ्यावर गावं. बेट जेमतेम ७६ चौरस किलोमीटर, वस्ती पंधरा हजारांच्या घरात, आणि २०२३ मध्ये पाहुणे आले सुमारे ३४ लाख! उन्हाळ्यात क्रूझची जहाजं एकाच दिवशी दहा हजारांहून जास्त माणसं उतरवायची. शेवटी २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादा घालावी लागली. सूर्यास्तासाठी जगप्रसिद्ध असलेल्या गावाचं स्पेलिंग ओ-आय-ए, उच्चार ‘ईया’. तिथल्या पडक्या किल्ल्यावर संध्याकाळी जागा पकडायची तर बरंच आधी जाऊन बसायचं. दादरच्या पुलावर सहा वाजता उभं राहून रोमॅण्टिक व्हायचं, असं समजा.

आणखी एक गंमत वाचली. ज्या ‘केव्ह स्वीट’साठी आपण रात्रीचे पाचशे युरो मोजतो, त्या गुहेतल्या खोल्या मुळात गरिबांच्या. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ थर कोरून खलाशांनी केलेली घरं. जहाजांचे कप्तान वर, ऐसपैस बंगल्यांत राहायचे. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात बेटावरची कितीतरी घरं कोसळली आणि माणसं बेट सोडून गेली. पुढे टुरिस्ट आले आणि खलाशाच्या खोलीला प्लंज पूल फुटला. परळच्या गिरणीचा मॉल झाला ना, तसंच. भूकंपाचं म्हणाल तर ती धास्ती जुनी झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये धक्क्यांमागून धक्के बसले तेव्हा हजारो लोक काही दिवस बेटाबाहेर गेले होते. पुढे धक्के ओसरले आणि सीझन सुरू झाला.

रजा पाच, कागद पन्नास

कधी जायचं? जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि भाडी तिन्ही टिपेला. शिवाय त्या दिवसांत एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद. उरले मे-जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. मेमध्ये डोंगरउतारावर फुलं असतात पण समुद्र गार. सप्टेंबरात पाणी उन्हाळाभर तापून छान कोमट झालेलं. आम्ही सप्टेंबरचा मधला आठवडा घेतला. सासूबाई म्हणाल्या, ‘पितृपक्षात कुणी फिरायला जातं का गं?’ मी म्हटलं, ‘आई, रजा तेव्हाच मिळतेय हो.’ रजेपुढे पितरसुद्धा काही बोलत नाहीत.

रजेचं गणित मात्र अफलातून जमलं. शुक्रवारी रात्री निघायचं, पुढच्या रविवारी परतायचं. दोन वीकएण्ड आणि मध्ये फक्त पाच रजा.

व्हिसा शेंगेनचा. फी माणशी ९० युरो (जून २०२४ पासून), वर केंद्राचा सर्व्हिस चार्ज. किमान ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स हवाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण शेवटच्या महिन्यावर राहू नका, उन्हाळ्यात अपॉइण्टमेण्टसाठी मारामारी असते. बँक स्टेटमेण्ट, आयकर रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेल आणि तिकिटांची बुकिंगं. व्हिसा हातात येईपर्यंत सगळं रद्द करता येण्याजोगं बुक करायचं, हा साधा नियम. मी तो पाळला. एका ठिकाणी सोडून.

ते एक ठिकाण

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीने सॅण्टोरिनीला जायला आठेक तास लागतात. त्याच वाटेवर, पाचेक तासांवर, नाक्सोस नावाचं बेट आहे. त्या द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं. फोटोंमध्ये फारसं न चमकणारं. नवरोबाने ते नकाशावर पाहिलं आणि म्हणाला, ‘इथे चार रात्री उतरू. दोन रात्री तुझी सॅण्टोरिनी.’

हिशेबही तसाच होता. नाक्सोसला समुद्राजवळ स्वयंपाकघरासकट स्टुडिओ रात्रीला ८५ युरो. सॅण्टोरिनीत कड्यावरची पूलवाली गुहा ५२०! सोयीसाठी युरोला शंभर रुपये धरा आणि पाणी प्या. मी म्हटलं, चार रात्री काटकसर करते पण दोन रात्री मला ती गुहा हवी म्हणजे हवी. आणि पैसे परत न मिळणारं बुकिंग केलं तर दहा टक्के सूट होती. रात्रीला ४६८. आपण मराठी माणसं. सूट म्हटल्यावर हात थांबत नाही. केलं बुक!

दुसरं भांडण शेवटच्या रात्रीवरून. रविवारी अथेन्सहून विमान. मला शनिवारची रात्रही गुहेत हवी होती, सकाळी छोट्या विमानाने अथेन्स गाठायचं. तो अडून बसला, शनिवारची रात्र अथेन्समध्येच. ‘अगं, आम्ही सिस्टीममध्ये काही बदल करायच्या आधी रोलबॅक ठेवतो. काही बोंबललं तर मागे यायला जागा पाहिजे.’ मी म्हटलं, ‘ही सुट्टी आहे, सर्व्हर नाही.’ हे सगळं, वाचकहो, फोनवर. मी लोकलमध्ये, तो कॅबमध्ये. शेवटी मी हरले.

त्याच सुमाराला त्याने शीटमधल्या एका चौकोनात कमेण्ट टाकली होती. ‘यात आपण दोघं कुठल्या टॅबमध्ये आहोत?’ मी कामात होते. लिहिलं, ‘फोटो, ओळ १२ ते ४०.’ आणि एक स्मायली.

नाक्सोस

शनिवारी अथेन्स, रविवारी पहाटे उठून पिरेयस. बोट म्हणजे सातमजली इमारतच, पोटात ट्रक घेऊन निघणारी. दुपारी नाक्सोसच्या बंदरात शिरताना समोर एका टेकाडावर नुसती एक संगमरवरी चौकट उभी दिसते. भिंती नाहीत, छत नाही, फक्त दार. त्याला ‘पोर्तारा’ म्हणतात. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं ते अर्धवट राहिलं. सुमारे सहा मीटर उंचीच्या त्या दारातून मावळणारा सूर्य बघायला तिकीट नाही, जागा पकडायची मारामारी नाही. गावातून चालत जायचं, दगडावर टेकायचं.

तिथे एक जुनी कथा सांगतात. अरियाडनी नावाच्या राजकन्येने थीसियसला दोऱ्याच्या मदतीने भुलभुलैयातून बाहेर काढलं. दोघं पळून नाक्सोसला आले आणि तो तिला झोपेत सोडून जहाज घेऊन निघून गेला. नवरोबा म्हणाला, ‘निदान फ्रीजवर चिठ्ठी तरी ठेवायची ना!’ मी हसले. पण हसून झाल्यावर थोडा वेळ दोघंही गप्प होतो.

जेवणाचं टेन्शन घेऊन गेले होते, कारण मी शाकाहारी. पण ग्रीस म्हणजे आपल्यासाठी माहेर! उपासाच्या दिवसांत मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य करायची तिथल्या चर्चची परंपरा आहे, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ ढिगाने. भात भरलेल्या टोमॅटो-ढोबळ्या मिरच्या, टोमॅटोच्या रसातले मोठ्ठे घेवड्याचे दाणे, पालकाचा पाय, उकडलेली रानभाजी, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. नाक्सोसचे बटाटे आणि तिथलं ग्रॅव्हिएरा चीज ग्रीसभर नावाजलेलं. ‘इमे खोर्तोफागोस’, म्हणजे ‘मी शाकाहारी’, एवढं पाठ करा. ब्रेडची टोपली न मागता येते आणि बहुतेक ठिकाणी बिलात लागते, तेव्हा ‘आम्ही नाही मागवली’ म्हणून वाद घालू नका.

सोम, मंगळ, बुध अगदी शीटप्रमाणे गेले. सकाळी आयोस प्रोकोपिओसचा बीच, दुपारी बसने डोंगरातलं खाल्की गाव, संध्याकाळी कास्त्रोच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसवाल्यांच्या किल्ल्याच्या बोळांत फोटो. ११:३० ते १२:१५ निळा ड्रेस, ४:०० ते ५:०० पांढरा. नवरोबा मुकाट्याने क्लिक करत होता. फोटो सुंदर आले. आम्ही बोललो ते म्हणजे, ‘थोडी डावीकडे’, ‘आता हस’, ‘बस चुकेल’.

गुरुवार

गुरुवारी दुपारची छोटी वेगवान कॅटमरान होती. दोन तासांत सॅण्टोरिनी, चारला चेक-इन, सहाला पूल, ओळ १२.

सकाळी उठलो तर खिडकी थडथडत होती. बंदरावर पोहोचलो तेव्हा लाटा पोर्ताराकडे जाणाऱ्या वाटेवर फुटत होत्या. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाने नुसती मान हलवली. वारा आठ बोफर्टचा. कॅटमरान रद्द. तिकिटाचे पैसे परत घ्या किंवा उद्याच्या मोठ्या बोटीत बसा.

मी हॉटेलला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली, वाऱ्याबद्दल हळहळली आणि म्हणाली की एका रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत, बुकिंगच तसं आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. ४६८ युरो! ढोबळ सत्तेचाळीस हजार. आमचा महिन्याचा घराचा हप्ता. मी बंदरावर माझ्या गुलाबी सूटकेसवर बसले आणि चक्क रडले. सात महिने आखलेली गोष्ट वाऱ्याने उडवली. नवरोबा हसला नाही, की ‘मी सांगत होतो’ असंही म्हणाला नाही. बॅगा उचलल्या आणि आम्ही परत त्याच स्टुडिओवर गेलो. मालकीणबाईंना इंग्रजी बेताचंच. आमचे चेहरे पाहून एवढंच म्हणाल्या, ‘आव्रिओ’. म्हणजे ‘उद्या’. आणि ताज्या अंजिरांची बशी पुढे ठेवून गेल्या.

आता दिवसभर करायचं काय? शीटमध्ये या दिवसाचं नाक्सोस नव्हतंच. समुद्रात उतरायची सोय नाही, छत्री उघडता येत नाही, केस तोंडावर, त्यामुळे फोटोही नाहीत. आम्ही बोळातल्या एका कॉफीच्या दुकानात आत जाऊन बसलो. लाकडी खुर्च्या, दोन म्हातारे पटावर सोंगट्या खेळत होते. कुणाला कसली घाई नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘डॅलसची ऑफर आहे. दोन वर्षांसाठी. उत्तर सोमवारी द्यायचंय.’

‘कधी आली?’

‘तीन आठवडे झाले.’

‘आणि सांगितलं नाहीस?’

‘चिठ्ठीवर मावलं नसतं गं.’

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण मीही एक गोष्ट दोन वर्षं सांगितली नव्हती, ती तिथे कॉफीच्या कपाकडे बघत सांगून टाकली. ती शीट मी एवढी खचाखच का भरली? अकरा ते बारा हे, चार ते पाच ते. कारण मला रिकाम्या तासाची भीती वाटत होती. समजा समुद्र आहे, संध्याकाळ आहे, आपण दोघंच आहोत आणि आपल्याला बोलायलाच काही सुचलं नाही तर? घरी निदान दुधाचा विषय तरी असतो.

तो काही बोलला नाही. माझा कप संपला होता, त्याने दोन बोटं दाखवून आणखी दोन कॉफ्या मागवल्या.

पाच तास बसलो आम्ही त्या दुकानात. डॅलसचं बोललो. माझ्या नोकरीचं, त्याच्या बाबांच्या गुडघ्यांचं, मूल हवं की नको याचं. हा विषय तर दोन वर्षं फ्रीजवरसुद्धा आला नव्हता. मध्ये भांडलो, मध्ये भूक लागली, तळलेले बटाटे आणि चीज मागवलं, पुन्हा बोललो. संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा वारा तेवढाच होता पण त्याने माझा हात धरला होता. गेल्या कित्येक महिन्यांत आम्ही सलग पाच तास जागे आणि एकत्र असे नव्हतोच.

निळी माकडं

शुक्रवारी मोठ्या बोटीने सॅण्टोरिनी. खालच्या अथिनिओस बंदरातून बस नागमोडी वळणं घेत कडा चढते आणि वर पोहोचल्यावर जो देखावा दिसतो त्याला तोड नाही, हे मान्य. आमची गुहा इमेरोविग्लीला होती. ईयाच्या मानाने शांत गाव, कडा तोच. पूलचं पाणी बर्फासारखं गार! पाय बुडवून किंचाळलो आणि बाहेर आलो. ईयाच्या किल्ल्यावर गेलोच नाही. आपल्याच पायरीवर बसून सूर्यास्त पाहिला, पुढ्यात फाव्हा घेऊन. फाव्हा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ती डाळ आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण. जगाच्या टोकाला जाऊन, ४६८ युरोंच्या खोलीत बसून, मी वरण खाल्लं. आणि खरं सांगते, मस्त लागलं.

शनिवारी सकाळी फिरा गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात गेलो. स्फोटाच्या राखेखाली अक्रोतिरी नावाचं अख्खं गाव गाडलं गेलं होतं. १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. तिथल्या भिंतीवरची एक चित्रं या संग्रहालयात आहेत. खडकांवर चढणारी निळी माकडं, लांब शेपट्या वर उचललेली. काही संशोधकांनी २०१९ च्या शेवटी मांडलं की ही माकडं ग्रीसच्या आसपासची किंवा आफ्रिकेतली नाहीत, ती भारतीय उपखंडातली वानरं दिसतात. शेपटी धरायची ढब तशीच! म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथल्या कुणा चित्रकाराच्या कानावर किंवा नजरेला आपलं वानर पडलं होतं. आम्ही दोघं त्या चित्रासमोर पाऊण तास उभे होतो. शीटमध्ये ही जागा नव्हती. त्या वेळेला होतं ‘निळा घुमट, लाल ड्रेस’. लाल ड्रेस घडीसुद्धा न मोडता घरी आला.

दुपारच्या विमानाने अथेन्स. आणि हो, ती शेवटची रात्र! शुक्रवारीही वारा राहिला असता तर शनिवारी नाक्सोसहून थेट अथेन्स गाठायला हीच रात्र हाताशी होती. नवरोबाचा रोलबॅक. त्याला जाहीर ‘सॉरी’ इथे छापून देतेय.

तर शीटमधलं काय घ्याल?

• एका आठवड्यात दोनच बेटं. तिसरं घ्याल तर सुट्टी बंदरावर जाईल.

• आधी स्वस्त बेट, शेवटी महागडं. महागड्या ठिकाणी दोन रात्री पुष्कळ.

• जिथे बोटीने पोहोचायचंय तिथलं हॉटेल रद्द करता येणारंच घ्या. दहा टक्के सूट विसरा. माझ्याकडे बघा आणि विसरा.

• वाऱ्याच्या दिवसांत वेगवान छोट्या बोटी आधी बंद होतात, मोठ्या त्यामानाने उशिरा. वेळ जास्त लागला तरी मोठी बोट बरी.

• परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच मुक्काम.

• हॉटेलच्या भाड्याशिवाय सरकारी शुल्क तिथे वेगळं भरावं लागतं. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर, हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे रात्रीला २ ते १५ युरो.

• हाय हील्स घरी ठेवा. फिराच्या जुन्या बंदरापर्यंत पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या आहेत. खेचरावर बसण्यापेक्षा केबल कार बरी. त्या मुक्या जिवांवर किती वजन लादायचं याचा नियमसुद्धा ग्रीसला २०१८ मध्ये करावा लागला.

• एक दिवस कोरा ठेवा. काहीही न आखता. वारा सुटायची वाट बघू नका.

सोमवारी ऑफिसला जाताना फ्रीजवर चिठ्ठी होती, ‘डॅलसला नाही कळवलं. दिवसाची शिफ्ट मागितलीय. नाइट अलाउन्स जाईल, चालेल ना?’ मी पेन शोधलं, मग ठेवून दिलं. आत जाऊन त्याला उठवलं आणि तोंडाने सांगितलं, चालेल. अलाउन्स गेल्यामुळे पुढची सुट्टी तारकर्लीला आहे. मालवण नको म्हणणारा माणूस आता तिथल्या होम स्टेचे रेट काढून बसलाय. त्याला सांगितलंय, एक्सेल उघडायची नाही.

अकाऊण्ट्सवाल्या मुलीला शीट पाठवली. कालच तिचा मेसेज आला, ‘मॅडम, फाइल करप्ट झालीय वाटतं. पंधरावा टॅब उघडतो पण आत काहीच नाहीये.’

म्हटलं, तो तसाच आहे. त्याचं नाव वाच.

नाव आहे ‘गुरुवार’.